पाणी म्हण

चार वर्षांचं पोरगं डब्याच्या झाकणासाठी उड्या मारतंय आणि त्याची सख्खी आई ते झाकण पाठीमागं धरून उभी आहे, हा तमाशा गिरजाबाईला रोज सकाळी बघावा लागे. आणि रोज सकाळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"देऊन टाक ना वं त्याले!" ती दारातून ओरडे. "जीव घेतेस काय लेकराचा?"

"आत्याबाई, तुमी मंधात नका बोलू," मनकर्णा म्हणे. सुनेची नजर पोराच्या ओठांवरून हलत नसे. "फिरव. चैतू, फिरव म्हण. फि..."

आणि मग ती थांबे. अगदी श्वास रोखून थांबे. चैतू आईकडं बघत नसे. त्याचं सगळं लक्ष झाकणाकडं. पंजे हलवायचा, टाचा उचलायचा, आणि शेवटी ओठांतून नुसती हवा सोडायचा, फुऽऽ अशी. एवढ्यावर मनकर्णा "शाब्बास!" म्हणून ते झाकण फरशीवर गरागरा फिरवून देई, आणि पोरानं मोठं भाषण ठोकल्यासारखी हसे.

गिरजाबाई नाक मुरडी. फुऽऽ म्हणजे काय बोलणं झालं? चूल पेटवताना तीही तेच करायची, तिला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

चैतू बहिरा नव्हता. घुग्घुसच्या कोळसाखाणीच्या क्वार्टरांत आधी सगळ्यांनी तसंच धरलं होतं, कारण मागून हाक मारली तर त्याची मान वळत नसे. पण शेजारच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की हाच पोरगा सगळ्यांच्या आधी तिथं हजर. नागपूरच्या डॉक्टरनं कान तपासले, कान ठणठणीत निघाले. मग त्यानं एक इंग्रजी शब्द सांगितला, ऑटिझम. चैतूच्या बापानं, श्रावणनं, तो खाणीतल्या साहेबांपर्यंत विचारून पाहिला, कुणाला ठाऊक नव्हता. डॉक्टरचं म्हणणं असं की पोरगा आपल्यातच असतो. तोंडानं बोललं की समोरच्या माणसाकडून काही मिळतं, हे इतर लेकरांना आपोआप कळतं, याला ते शिकवावं लागेल. वय कोवळं आहे तोवर जोर लावा, पुढं जड जाईल.

चंद्रपूरला रामटेके मॅडम होत्या. मुंबईहून शिकून आलेल्या, मुक्याबहिऱ्या मुलांना आपल्याच घराच्या दोन खोल्यांत शिकवायच्या. असं पोरगं त्यांनीही फार पाहिलेलं नव्हतं, पण त्यांनी चैतूला घेतलं. दर मंगळवारी मनकर्णा त्याला एसटीत घालून न्यायची आणि बाकीचे दिवस घरी तेच करत बसायची.

एकदा गिरजाबाईही सोबत गेली होती. तिथंच बिनसलं. मॅडमनी विचारलं, पाणी पाहिजे असलं की हा काय करतो? गिरजाबाई तोऱ्यात म्हणाली, "काई करा नाई लागत त्याले. ओठ चाटले का मी समजतो. गिलास तोंडापाशी नेतो."

"तेच तर, आजी," मॅडम म्हणाल्या. "तोंड उघडायची पाळीच येत नाही त्याच्यावर. तुम्ही जरा उशिरा समजायला शिका."

झालं. गिरजाबाई जी उठली ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात कोंबला आणि पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. त्यामुळं पुढचं तिनं ऐकलंच नाही. आत मॅडम मनकर्णाला बजावत होत्या की हे सगळं खेळाच्या वस्तूंवर करायचं, झाकण, झोका, फुगा यांच्यावर. जेवणाला, पाण्याला, झोपेला हात लावायचा नाही. तहानलेल्या पोराला आधी पाणी द्यायचं, शब्द मागून बघता येतो.

मे महिना लागला. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते भोगल्याशिवाय कळत नाही. सकाळी नऊलाच रस्ता तापायचा, कोळशाची धूळ घामावर चिकटायची, दुपारी कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसायची. अशाच एका दुपारी चैतू उघड्या दारातून निसटला. श्रावण पाळीवरून येत होता. त्यानं लांबून पाहिलं, की आपला पोरगा रस्त्याच्या मधोमध चाललाय आणि समोरून कोळशाचा ट्रक येतोय. त्यानं जीव खाऊन हाक मारली, चैतू! चैतू! पोरानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचला.

त्या दिवशी श्रावण जेवला नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं बघत बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, "दोघी आइका. नागपूरले अशा पोरायचं वसतिगृह हाये. मी मागंच पाहून आलो. भित उंच हाये, फाटक बंद रायते. येत्या रविवारी नेऊन देतो त्याले."

मनकर्णाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. "अवो, आता कुठी त लागला तो. फु म्हणते..."

"फु म्हणून ट्रक थांबत नाई!" श्रावण ओरडला, आणि लगेच त्यानं आवाज खाली आणला. "एक शब्द बोलू दे त्याले. बाबा म्हणू दे, पाणी म्हणू दे, काईही म्हणू दे. मंग मी समजन का याच्यापाशी आपलं बोलणं पोचते. मी कुठी नेत नाई मंग. पण मी हाका मारून राह्यलो न तो चाकाखाली चालला, हे मले दुसऱ्यांदा पाहाणं होत नाई."

गिरजाबाईनं पोराला मांडीवर ओढलं. तो तिच्या बांगडीशी खेळत राहिला. याला फाटकाच्या आत कोण ओळखेल? ओठ चाटले की तहान लागली, कान झाकले की डोकं दुखतंय, हे तिथं कुणाला कळणार? शब्द पाहिजे ना तुम्हाला? मी काढून दाखवते, असं तिनं मनाशी ठरवलं.

आता तिची अक्कल कुठं चालली तेही सांगितलं पाहिजे. उभी हयात तिनं धानाच्या शेतीवर आणि गुराढोरांत काढली होती. वासराला गाईपासून तोडून बादलीला लावायचं असलं, की ते दिवसभर बांधून उपाशी ठेवायचं आणि संध्याकाळी दुधात बोट बुडवून त्याच्या तोंडाशी धरायचं. सकाळी बादलीला लाथ मारणारं वासरू संध्याकाळी स्वतः मुंडकं खुपसतं. अशी कितीतरी वासरं तिनं लावली होती, एकही फसलं नव्हतं. तिला वाटलं, सून करते तेही हेच की. फक्त सून मऊ आहे. झाकणावाचून कुणाचं काय अडतं? ज्याच्यावाचून जीव अडेल असं काही धरलं पाहिजे.

शुक्रवारी तिला संधी मिळाली. मनकर्णाच्या वडिलांना बरं नसल्याचा निरोप आला आणि ती पहिल्या गाडीनं माहेरी गोंडपिपरीला गेली. श्रावण सकाळच्या पाळीला. घरात आजी आणि नातू, दोघंच.

गिरजाबाईनं दार लावून घेतलं, खिडकीला पोतं टांगलं. माठावरचा गिलास उचलून उंच फळीवर ठेवला आणि माठापुढं पाट टाकून स्वतः बसली. चैतू आला. नेहमीसारखं त्यानं तिचं बोट धरलं आणि माठाकडं ओढलं. ती हलली नाही.

"पाणी म्हण, बापू," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा बोट ओढलं. तिच्या तोंडाकडं नाही, बोटाकडंच बघत होता, बिघडलेल्या नळाकडं बघावं तसा. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग रडायला लागला.

"म्हण ना रे. पाणी म्हण. नाई त देत नाई."

सकाळ गेली. ऊन पत्र्यावर चढलं. गिरजाबाईनं स्वतःही घोट घेतला नव्हता, पोर तहानलेलं असताना आपण प्यायचं म्हणजे हरामखोरी, असा तिचा हिशेब. चैतूनं डोकं भिंतीवर आपटलं, तिनं मधे हात घातला. त्यानं हाताला चावा घेतला, तिनं घेऊ दिला. तिला वाटलं, आता येईल, आता फुटेल तोंड. वासरूसुद्धा शेवटी शेवटी जास्तच लाथा झाडतं.

दारावर थाप पडली. शेजारची अंजनाबाई होती. "गिरजाबाई, पोरगा काऊन रडून राह्यला वं इतका?"

"दात दुखते त्याचा!" गिरजाबाईनं आतूनच सांगितलं. "जाय तू, झोपवून राह्यली मी त्याले."

अंजनाबाईची पावलं दूर गेली. त्या पावलांना परत बोलवावं असं गिरजाबाईला क्षणभर वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण रविवार डोळ्यांपुढं उभा राहिला आणि तिनं तोंड मिटलं.

"पाणी म्हण, बापू," आता तीही रडत होती. "म्हण ना रे. तुले घेऊन जातीन ते. म्हण. नाई त देत नाई."

चैतूचं रडणं हळूहळू बारीक झालं आणि थांबलं. बोट ओढणं थांबलं. तो माठाच्या तिवईखाली, जिथं फरशी जराशी ओली असते, तिथं गाल टेकवून पडला. दमला बिचारा, झोपला, असं गिरजाबाईला वाटलं. उठला की पहिला शब्द पाण्याचाच काढेल. ती पदरानं वारा घालत बसली.

वारा घालता घालता तिचा हात त्याच्या पाठीला लागला आणि तिनं तो झटक्यात मागं घेतला. पाठ तव्यासारखी तापली होती. घामाचा थेंब नव्हता. ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर.

"चैतू! ए चैतू! ए बापू!"

फळीवरचा गिलास काढताना तो हातातून निसटून पडला. तिनं ओंजळीनंच माठातलं पाणी उपसून त्याच्या तोंडात घातलं. ते गालावरून खाली ओघळलं. घशात गेलंच नाही. तिनं माठ उचलून सगळाच्या सगळा त्याच्या अंगावर ओतला, पोराला कवटाळलं आणि अनवाणी बाहेर धावली. "अंजनाबाई! धाव वं! माह्या चैतू गेला वं माय!"

अंजनाबाईच्या नवऱ्यानं मोटारसायकल काढली. दवाखान्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर गिरजाबाईनं काय काय कबूल केलं, किती वेळा स्वतःचा जीव देऊ केला, ते तिचं तिला ठाऊक. अनवाणी धावताना पाय भाजले तेही तिला संध्याकाळी कळलं.

डॉक्टरनं पोराला बर्फाच्या फडक्यांत गुंडाळलं, सलाईन लावली. म्हणाला, "अजून थोडा वेळ झाला असता तर हाती लागलं नसतं. किती वेळ होता उन्हात?"

"खेळत होता... आंगणात," गिरजाबाई म्हणाली. "माह्या डोळा लागला."

खोटं एकदा निघालं की मग ते घरभर फिरतं. श्रावणनं तेच ऐकलं, मनकर्णानं तेच ऐकलं. मनकर्णा आली ती पोराच्या पायाशी बसून स्वतःलाच मारून घ्यायला लागली, "मी काऊन गेली? काऊन गेली मी?" गिरजाबाई दारात उभी राहून ते बघत होती. खरं सांगायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही.

चैतू वाचला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून सलाईनच्या बाटलीतले थेंब मोजल्यासारखा बघत बसला. डॉक्टरनं आठवडाभर जपायला सांगितलं म्हणून नागपूर एका रविवारानं लांबलं, इतकंच. श्रावणचं मन उलट पक्कं झालं. "पाह्यलं ना?" तो म्हणाला. "तहान लागली एवढं सांगता आलं असतं त्याले, त हे झालं असतं का?"

गिरजाबाईच्या काळजात ते रुतलं. सांगत होता रे तो, तिला ओरडावंसं वाटलं, बोट धरधरून सांगत होता.

घरी आल्यावर ती दर थोड्या वेळानं गिलास भरून त्याच्या मागं फिरायची. तो तोंड फिरवायचा. मनकर्णाच्या हातून प्यायचा, बापाच्या हातून प्यायचा, आजीच्या हातून नाही. तिचं बोटही धरेना. माठापाशी ती असली की तो लांब, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राही आणि तिच्याकडं बघे. आधी कधी तो कुणाच्या तोंडाकडं बघत नसे. आता बघत होता, आणि तिला ते सोसवत नव्हतं. मॅडमकडचा मंगळवार आला तसा गेला, मनकर्णाला जायची ताकद नव्हती. झाकण कोपऱ्यात पडून राहिलं.

रविवार उजाडला. पत्र्याची पेटी दारात येऊन बसली. मनकर्णानं पोराला नवा सदरा घातला आणि बटणं लावता लावता चार वेळा उठून आत गेली, डोळे पुसायला. श्रावण चपला घालून तयार होता, कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. गिरजाबाई माठाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. आज तरी सांगावं, की याला घालवू नका, मला घालवा, असं तिच्या मनात दहांदा येऊन गेलं.

चैतू आईचा हात सोडवून आत आला. चौकटीशी थांबला. माठाकडं पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ चाटले.

"पाणी म्हण, बापू," तो म्हणाला.

घरात कुणाला काही कळेना. आवाज पोराचा, बारीक, खरखरीत. पण हेल म्हातारीचा. मध्येच हुंदका येतो तोही तिचाच, जिथल्या तिथं.

"म्हण ना रे. म्हण. नाई त देत नाई."

श्रावण चपलांसकट आत धावला. "बोलला! मनकर्णा, पोट्टा बोलला वं! पाणी म्हणला!" त्यानं पोराला उचललं, हसत होता आणि रडतही होता. "पुन्हा म्हण, राजा. पुन्हा म्हण."

मनकर्णा हसली नाही. ती जागच्या जागी उभी होती. रोज पोराच्या ओठांवर डोळे लावून बसलेली बाई ती, तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं माठाकडं पाहिलं, आणि मग सासूकडं वळली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हे त्यानं कुठी आइकलं?"

श्रावणचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पोराला खाली ठेवलं.

"माह्यापाशी," गिरजाबाई म्हणाली. "मी पाणी देल्लं नाई त्याले. सकाळपासून. आंगणात खेळत नोयता तो. मीच दार लावून बसली होती. मले वाटलं... शब्द येईन त तुमी नेणार नाई."

श्रावण पेटीवर बसला. मनकर्णा पुढं आली आणि तिनं माठावरचा गिलास असा हिसकावला, की गिरजाबाईनं मारणार म्हणून डोळे मिटले. मनकर्णानं मारलं नाही. पाणी भरलं, पोराच्या तोंडाशी नेलं आणि सासूकडं न बघता म्हणाली, "आजपासून याच्या पाण्याले तुमी हात लावाचा नाई."

"नाई लावत," गिरजाबाई म्हणाली. "नाई लावत, बाई."

चैतूनं गिलास हातानं बाजूला सारला. थोडं पाणी सांडलं. आईनं पुन्हा पुढं केला, त्यानं पुन्हा सारला. मग तिच्या हातातून तो काढून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि सांडत सांडत आजीपुढं नेऊन उभा राहिला. गिलास तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या तोंडाकडं बघू लागला.

"म्हण ना रे," तो म्हणाला, तिच्याच रडव्या आवाजात. "नाई त देत नाई."

रागाचं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो मागत होता. आजीनं तासन्‌तास शिकवलं होतं, ते तो बरोबर शिकला होता, आणि आता ते म्हटल्यावर ती पाणी देईल म्हणून तो वाट बघत होता.

गिरजाबाईनं गिलासाला हात लावला नाही. पदर तोंडात कोंबून ती सुनेकडं बघत राहिली. मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात आवळलेले होते. चैतूनं ओठ चाटले. तो आणखी एकदा तोंड उघडणार, एवढ्यात मनकर्णा ओरडली, "द्या ना वं त्याले! द्या लवकर!"

गिरजाबाईनं गिलास उचलला. पाणी हिंदकळलं, तसा श्रावणनं पेटीवरून उठून तो खालून धरला. चैतू शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.